डावा कोपरा

भाऊ एका सोमवारी गेला. सकाळी तो ओट्यावर बसला, चहा मागितला आणि चहा येण्याआधी गेला. वहिनीने हाक मारली. डॉक्टर आले. दुपारी आम्ही त्याला नदीवर नेलं.

तेव्हा धान उभं होतं. आता कापून, बांधून, मळून झालं आहे. बांध्यांमध्ये, बांध घातलेल्या शेतांमध्ये, धानाची धसकटं तेवढी उरली आहेत आणि त्यांच्यामधून लाखोरीच्या डाळीचे कोवळे वेल वर येत आहेत. सकाळी पवनीच्या माझ्या घराच्या गच्चीवर उभी राहिले की धुक्याखालून ओल्या तणसाचा वास येतो. काल त्या वासाबरोबर भोंग्याचा आवाज आला. कुणीतरी माइक तपासत होतं. आणि माझ्या छातीत, या दिवसांत शोभू नये अशी, धडधड सुरू झाली. कबड्डीचा हंगाम आला होता.

मला वाटलं होतं, भाऊची आठवण आली की डोळे भरतील. ते भरतात, पण नंतर. आधी आठवतो तो चुन्याचा वास, मैदानभर माणसांचा एकाच वेळी रोखलेला श्वास, आणि मातीवर अनवाणी पाय घासल्याचा आवाज. शोक करायला बसते आणि बघता बघता पुढे सरकून, मुठी आवळून, सामना बघायला लागते. भाऊला हे कळलं असतं तर तो हसला असता.

आमच्या भागात धान निघालं की बांधीत लाखोरी पडतेच. उभ्या धानाच्या पायाशी ती पेरून ठेवतात, धान कापलं की ती आपसूक वर येते. पण प्रत्येक गावात एक बांधी अशी असायची की तिच्यात त्या वर्षी लाखोरी पेरायची नाही असं आधीच ठरलेलं असायचं. बांधीचा मालक कुरकुर करायचा आणि सोडायचा. मग धसकटं खणून काढायची, तळ्यातली गाळमाती आणून पसरायची, पाणी शिंपडायचं, बैलांना फिरवायचं, पुन्हा पाणी. आठ दिवसांनी ती जमीन अशी मऊ आणि घट्ट व्हायची की तिच्यावर झोपावंसं वाटे. मग चुन्याच्या रेषा. त्या रेषा पडल्या की गावाची चाल बदलायची. म्हातारी माणसंसुद्धा तिथून जाताना रेषेवर पाय देत नसत.

भाऊचं नाव शालिक. तो चढाई करणाऱ्यांतला नव्हता. चढाई करणारा म्हणजे एकटा पलीकडे जाणारा, दम धरून नाचणारा, शिवून परत येणारा. लोक त्याचंच नाव घेऊन ओरडतात. भाऊ पकडीतला. सात जण हाताला हात धरून साखळी करतात, तिच्या अगदी डाव्या टोकाला तो उभा राहायचा. डावा कोपरा. त्याच्या पलीकडे रेष आणि रेषेपलीकडे माणसं. तीही बघायची मधे. भोंग्यावरून बोलणारा त्याचं नाव घ्यायचा ते फक्त त्याच्या हातून कुणी सुटलं तर. धरलं तर "पकड!" एवढंच, आणि ती पकड सगळ्या साखळीची.

या कोपऱ्याला मागणी मात्र फार. आमच्याकडे स्पर्धेसाठी गावाबाहेरचा गडी मागून नेण्याची रीत होती. दोन माणसं यायची, ओसरीवर बसायची, पाणी प्यायची, धानाच्या गोष्टी करायची, मग हळूच बाबांना म्हणायची, "तुमचा कोपरा आठ दिवसासाठी द्या." बाबा पानाला चुना लावता लावता सांगायचे की नेता तसा परत आणून द्या, हातपाय जागच्या जागी पाहिजेत, मागच्या गावानं एक बोट वाकडं करून पाठवलं. ते खोटं नव्हतं. भाऊच्या उजव्या हाताचं मधलं बोट दोनदा मोडून तिरकं बसलं होतं. आई त्याला मोहाच्या बियांचं तेल चोळायची आणि बाबांवर चिडायची, पोरगा आहे का गोऱ्हा, कोणीही येतं अन् हाकून नेतं म्हणून.

तो असा कुठे कुठे खेळला. पवनीकडच्या गावांत, साकोलीकडे, विड्यांच्या कारखान्यातल्या पोरांबरोबर, जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या कॉलनीतल्या संघाकडून. कॉलनीत त्याला एका मद्रासी शिपायाने घोट्याची पकड शिकवली. हात जमिनीलगत ठेवायचे, डोळे वर करायचे नाहीत, समोरच्याचं तोंड बघायचंच नाही, फक्त पाय. पाय आत आला की दोन्ही हातांनी घोटा धरून कोपर आवळायचं आणि मागे पडायचं. बाकीचे मग वरून येतात. त्या एका पकडीवर भाऊ तिशीपर्यंत दहा वर्षं मागितला गेला. जिल्ह्याच्या संघात मात्र तोवर कधी आला नाही. दोनदा राखीव म्हणून नेलं, दोन्ही वेळा बाकावरून परत आला. निवड करणाऱ्यांना चढाईवाले दिसतात. टोकाचा माणूस दिसायला आधी टोकाकडे बघावं लागतं.

मी सांगते आहे तो हंगाम आणीबाणी उठल्यानंतरचा, एक-दोन वर्षांनी. मी भंडाऱ्याला बी.ए. करत होते आणि सुट्टीला घरी आले होते. भाऊ तिशीला टेकला होता. नाकाडोंगरीची माणसं आली, तिकडे तुमसरच्या वर, जंगलाला लागून असलेलं गाव. त्यांचा कप्तान देवाजी नावाचा उंच, बारीक, कायम घाईत असलेला माणूस होता. स्पर्धा होती आसगावला. आसगाव म्हणजे आईचं माहेर. भंडाऱ्याहून निवड करणारे दोघे जण अंतिम सामन्याला येणार होते, आणि तिथूनच जिल्ह्याचा संघ जाहीर होणार होता.

आम्ही तिघं एसटीने निघालो. आईच्या मांडीवर भावजयांसाठी चिवड्याचा डबा. भाऊ खिडकीशी बसला होता. बोटांची कडकड मोडत तो बाहेर बघत म्हणाला, "यंदा नाव आलं नाही तं मी कोपरा सोडतो."

आई म्हणाली, बरं होईल. पण त्याने ते इतकं सहज म्हटलं की मला ते खरं वाटलं, आणि तिथपासून माझी धडधड सुरू झाली. आजही ती तिथूनच सुरू होते, त्या खिडकीपासून.

आता मामाबद्दल. मोतीराम मामा आईचा सगळ्यात धाकटा भाऊ, भाऊपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. आसगावचा चढाईवाला. काळासावळा, हलका, पाय असे की जमिनीला उसने दिलेत. जिल्ह्याकडून खेळून आलेला. लहानपणी उन्हाळ्यात भाऊला कबड्डी त्यानेच शिकवली. कंबर धरायला शिकवली, मनगट धरायला शिकवली. पाय धरायला नाही. त्याचं कारण होतं. आमच्याकडे भाचा मामाच्या पाया पडत नाही. मामा भाच्याच्या पाया पडतो, मग भाचा पाळण्यातला का असेना. भाच्याचा हात मामाच्या पायाला लागला तर दोष मामाला लागतो. हे कुणी शिकवत नाही. जेवताना डावा हात मागे राहतो, तसं ते अंगात असतं. दिवाळीला आम्ही आसगावला गेलो की मामा ओट्यावरून उतरून भाऊच्या पायाला हात लावायचा आणि लगेच त्याच्या पाठीत धपाटा घालायचा.

दोघं त्या दिवसापर्यंत एकमेकांविरुद्ध कधी उभे राहिले नव्हते. नाकाडोंगरी अंतिम सामन्यात आली, आसगावही आलं. नाकाडोंगरीच्या कुणालाच माहीत नव्हतं की समोरचा मोतीराम आपल्या कोपऱ्याचा मामा आहे. भाऊने सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, हे त्याला तरी कुठे माहीत होतं.

दुपार होती. बायका एका बाजूला तणसावर बसल्या होत्या, त्यांच्यात आई, तिच्या तिन्ही भावजया आणि मी. समोर मांडवाखाली दोन खुर्च्या. निवड करणारे दोघे त्यांच्यावर बसून उकडलेले शिंगाडे सोलत होते. एकाच्या गळ्यात मफलर होता. तो टरफलं रुमालात गोळा करायचा आणि मैदानाकडे मधून मधून बघायचा. मला त्या शिंगाड्यांचा राग आला.

मामाची पहिली चढाई. तो मध्यरेषा ओलांडून आला, कबड्डी कबड्डी कबड्डी, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, आणि मग सरळ भाऊच्या कोपऱ्यावर. त्याने उजवा पाय आत टाकला. भाऊचे हात खाली गेले. मी पाहिलं, ते वेळेवर गेले, जसे दहा वर्षं जात होते. घोट्यापाशी पोचले, लागले, आणि थांबले. विस्तवाला लागल्यासारखे मागे आले. मामा वळून निघून गेला. भाऊ शिवला गेला होता, तो बाहेर.

थोड्या वेळाने साखळीत परत आला तर पुन्हा तेच. हात गेले, लागले, थांबले.

आसगावच्या लोकांना लगेच कळलं. ते मोतीरामचं गाव, भाचा त्यांना लहानपणापासून माहीत. कुणीतरी ओरडलं, "भाच्यानं मामाले अहेर केला!" आणि हशा चौफेर पसरला, बायकांतही. माझी मोठी मामी पदर तोंडाशी धरून हसत होती. आई हसली नाही. मफलरवाल्याने शेजाऱ्याला काहीतरी विचारलं, शेजाऱ्याने सांगितलं, आणि दोघांनी पुन्हा शिंगाडे घेतले.

मी भाऊकडे बघत होते. तो टोकाला उभा होता, हाताचे तळवे मांडीला पुसत. एसटीतलं त्याचं वाक्य माझ्या कानात इतक्या जोरात वाजत होतं की भोंगा ऐकू येत नव्हता.

मध्यंतराला देवाजी त्याच्या अंगावर आला. आम्ही बायका दोराच्या जवळच होतो, सगळं ऐकू येत होतं. "तो तुया मामा होय? मंग सांगाले काय झालं होतं? आमी तुले कायले आणलं, मामाच्या घरी पाहुणचाराले?"

भाऊ म्हणाला की हात थांबले, मी नाही थांबवले. देवाजीला हे समजलं नाही असं नाही. तोही आमच्याच मुलखातला, त्यालाही मामा असणार. तो म्हणाला की उजव्या कोपऱ्यात जा. भाऊने नाही म्हणून मान हलवली. त्याचं सगळं शरीर डाव्या कोपऱ्याचं झालं होतं. उजवीकडे उभं करणं म्हणजे त्याला उलट्या हाताने जेवायला बसवणं. देवाजीने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात मामा मध्यरेषा ओलांडून आला. दम न धरता, साधा चालत. पाणी पिऊन ओठ ओले होते, गुडघ्याला माती. दोन्ही बाजूंना वाटलं काही भांडण निघतं आहे. मुलं दोरापाशी सरकली. मामा भाऊसमोर थांबला, वाकला, त्याच्या दोन्ही पायांना हात लावून ते हात कपाळाला लावले. नेहमीसारखा धपाटा घातला नाही.

"घे, पडलो पाया," तो म्हणाला. "दोष लागन तं मले लागन, मी भोगीन. पन तू मले सोडलं तं उद्या सारे म्हनतीन, मोतीराम भाच्याच्या दयेवर नाचला. ते माह्यानं भोगवनार नाही. आता धर मले."

भाऊ म्हणाला, "अन् धरलं तं?"

"धरून तं पाह्य आधी," मामा म्हणाला, आणि वळून आपल्या बाजूला गेला.

मी आयुष्यभर पुस्तकांत राहिले. शाळेत मुलांना मोठमोठ्या त्यागाचे धडे शिकवले. पण मामाने त्या दिवशी त्याग केला असं मी म्हणणार नाही. त्याला भाच्याची निवड नको होती, त्याला आपली चढाई खरी हवी होती. भाऊला मोकळं केलं ते त्या अहंकाराने. प्रेम असतं तर कदाचित त्याने भाऊला समजावत बसून आणखी बांधून टाकलं असतं. असं मला आता वाटतं. तेव्हा काही वाटायला सवड नव्हती, शिट्टी झाली होती.

दुसऱ्या डावातली मामाची पहिली चढाई दुसरीकडे गेली. दुसरीत तो सरळ कोपऱ्यावर आला. टाळलं नाही त्याने. भाऊ खाली वाकलेला, डोळे जमिनीवर. मामाने पाय टाकल्यासारखा केला, मागे घेतला. भाऊ हलला नाही. पुन्हा टाकल्यासारखा केला. भाऊ हलला नाही. कबड्डी कबड्डी कबड्डी. आणि तिसऱ्यांदा पाय खरोखर आत आला.

मला हात दिसलेच नाहीत. धूळ दिसली. धुळीत भाऊ आडवा आणि त्याच्या कवेत मामाचा घोटा. मामाने दुसऱ्या पायाने उडी घेतली, पोटावर आदळला, आणि कोपरांवर सरपटत मध्यरेषेकडे निघाला. भाऊसकट. साखळी वरून कोसळली, एक, दोन, तीन जण, तरी तो ढिगारा सरकत होता. मामाचा दम चालूच होता, मातीत तोंड घालून, कबड्डी कबड्डी. त्याचा हात पुढे लांब झाला, बोटं पसरली. चुन्याची रेष वीतभर. मग चार बोटं. आसगाव उभं राहिलं होतं. माझ्या तिन्ही माम्या उभ्या होत्या.

आणि माझ्या शेजारून आवाज आला, एवढा मोठा आवाज तिला होता हे मला माहीत नव्हतं. आई. माहेरच्या मातीत, भावजयांच्या मधे, पदर घसरलेली. "सोडू नको शालिक! धर त्याले!"

मोठी मामी तिच्याकडे बघतच राहिली. मीही. पण मी लगेच मान वळवली, कारण ढिगारा थांबला होता. मामाचं बोट आणि रेष यांच्यामध्ये एक फट होती, तिच्यात नुसती माती दिसत होती. मामाचा आवाज बारीक झाला, खरखरला आणि तुटला. पंचाची शिट्टी. मी किती वेळ ओरडत होते ते मला माहीत नाही. माझा आवाज दोन दिवस बसला होता.

माणसं एकेक करून ढिगाऱ्यावरून उठली. भाऊ उठला नाही. तो घोटा धरून तसाच पडला होता, डोळे मिटून. मामाला त्याच्या हातावर थापटावं लागलं, जसं गाडीत झोपलेल्याला उठवतात. "सोड बाप्पा आता," तो म्हणाला. दोघं उठले, मातीने सारखे झालेले, आणि कोण मामा कोण भाचा हे लांबून कळेना.

मांडवाखाली मफलरवाला उभा होता. सोललेला शिंगाडा हातातच राहिला होता.

सामना आसगावने जिंकला. थोडक्यात जिंकला, पण जिंकला. त्यानंतर भाऊने मामाला आणखी एकदा धरलं आणि एकदा मामा सुटला, खराखुरा सुटला, आणि सुटताना त्याने जी आरोळी ठोकली ती ऐकून भाऊ जमिनीवर पडल्या पडल्या हसला. खेळताना हसलेला भाऊ मी तेव्हाच पाहिला.

ऊन उतरताना भोंग्यावरून नावं वाचली गेली. मामाचं सगळ्यात आधी. मग एकेक नाव, प्रत्येकामागे गाव, प्रत्येकाला टाळ्या. नावं संपत आली. आई माझं मनगट धरून होती, तीच पकड बहुतेक भाऊत उतरली असावी. मग भोंगा म्हणाला, नाकाडोंगरीचे शालिक. कुणीच पुढे गेलं नाही. भाऊ पाण्याच्या टाकीपाशी हात धूत उभा होता आणि नाकाडोंगरीचे कोण हे बघत होता. देवाजीने त्याला मागून ढकललं, "तूच ना बे!"

गावाचं नाव दुरुस्त करा असं तो कुणालाच म्हणाला नाही. जिल्ह्याच्या संघात तो नाकाडोंगरीचा म्हणून खेळला. दुसऱ्या फेरीत त्यांचा संघ हरला. तिकडून आला तो खूश होता की नाही हे त्याच्या तोंडावरून कळलं नाही. आल्या आल्या त्याने जेवायला मागितलं आणि पुष्कळ जेवला. पुढच्या वर्षी ओसरीवर पुन्हा माणसं आली, पुन्हा पाणी प्याली, पुन्हा धानाच्या गोष्टी. तो पुन्हा निघाला. त्यानंतर आठ-नऊ हंगाम तो असाच फिरला. जिल्ह्याने पुन्हा बोलावलं नाही, पण कोपरा सोडण्याची गोष्टही त्याने पुन्हा काढली नाही. मी नोकरीला लागले, माझं लग्न झालं, आणि वर्तमानपत्रात स्पर्धांच्या बातम्या यायच्या तेव्हा त्यात नाव असायचं चढाईवाल्यांचं. मी गावांची नावं वाचायची. एखाद्या लहानशा गावाने मोठ्या संघाला रोखलं असं दिसलं की मनाशी म्हणायची, यंदा भाऊ इथे आहे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

गुडघा गेला तेव्हा तो थांबला. त्याचा कुठेच निरोप झाला नाही. एका हिवाळ्यात कुणी मागायला आलं नाही, एवढंच. त्या हिवाळ्यात त्याने घरच्या सगळ्या बांध्यांत लाखोरी पेरली आणि रोज सकाळी बांधावर जाऊन बसू लागला.

आता मैदानं गाद्यांची झाली आहेत, निळ्या-पिवळ्या. पायात बूट असतात. पोरं चपळ आहेत. मी टीव्हीवर बघते, आणि कॅमेरा चढाईवाल्याच्या मागे पळतो तेव्हा मी चौकटीच्या कडेला बघते, जिथे कुणीतरी वाकून उभं असतं, अर्धं आत, अर्धं बाहेर. ते कुणीतरी हलत नाही. मला त्याच्या न हलण्याचा अजून थरार वाटतो. भाऊ गेल्यानंतर मला वाटलं होतं की हेही जाईल. गेलं नाही.

गेल्या आठवड्यात आसगावला गेले होते. मामा ऐंशीच्या घरात आहे, काठी घेऊन चालतो. मी वाकले तर त्याने मला अडवलं, भाची ना मी, आणि कसाबसा स्वतःच वाकू लागला. मी त्याला खांद्याला धरून खाटेवर बसवलं. आम्ही भाऊबद्दल फार बोललो नाही. धान कसं झालं ते बोललो. निघताना त्याने उजव्या पायावरचं धोतर जरा वर केलं.

भाऊचा खेळतानाचा एकही फोटो नाही. अंगावरचे गंजिफ्राक ज्या त्या गावाला परत गेले. मामाच्या उजव्या घोट्यावर नखाची एक खूण आहे.